जीभ बाहेर काढून पडलेलं अस्वल

सकाळपासून तो व्हिडिओ चार ग्रुपवर येऊन गेला. बर्फात आडवं पडलेलं ध्रुवीय अस्वल, जीभ बाहेर, आणि दोन माणसं त्याचा दात काढतायत. खाली लिहिलंय, 'विज्ञानाच्या नावाखाली छळ'. आणि आपल्याच लोकांचे रडके इमोजी!

अहो, तो बारकासा, बिनकामाचा दात असतो. मुळावरचे थर मोजले की वय कळतं.

माझा मुलगा सातव्या महिन्यात झाला. काचेच्या पेटीत होता, रोज टाचेला सुई. एक दिवस सिस्टरवर ओरडले मी, 'जरा निवांत पडू द्या की त्याला!' तिने उत्तर दिलं नाही, नुसता वजनाचा तक्ता पुढे केला. कालच्यापेक्षा 40 ग्रॅम कमी. मी दिवसभर काचेला नाक लावून बसलेली, मला काही दिसलं नव्हतं.

अस्वलांचंही तेच. जाळ्यात घालून, तिपाईला टांगून त्यांना तोलतात. म्हणून तर कळलं, की हिवाळ्याआधी मादी साधारण 189 किलोच्या खाली असेल तर पिल्लं होत नाहीत. कॅनडातल्या पश्चिम हडसन उपसागरात समुद्रावरचा बर्फ लवकर वितळतो, आणि बर्फ नाही तर सीलची शिकार नाही. तिथली अस्वलं 2016 मध्ये अंदाजे 842 होती, 2021 मध्ये 618. हे काय लांबून हळहळून कळलं?

हां, हेलिकॉप्टरने पाठलाग करून बेशुद्ध करणं तिथल्या मूळ रहिवाशांना, इनुइट लोकांनाही खटकतं, ते मान्य. आता बऱ्याच ठिकाणी छोटा डार्ट मारून कातडीचा कण तेवढा घेतात, त्यावरून डीएनए. सगळीकडे अस्वलं घटतायत असंही नाही, बरं. कॅनडात मॅक्लिंटॉक चॅनलमध्ये 2000 च्या मोजणीत अंदाजे 284 निघाली, तेव्हा शिकार थांबवली, नंतर अगदी मोजकी ठेवली. झळ बसली ती तिथल्या इनुइट शिकाऱ्यांना. 2014–16 मध्ये पुन्हा मोजली तर 716! ती पहिली मोजणी झालीच नसती तर कोण कशाला थांबलं असतं?

अस्वल कुठे जातं ते कळवणारी गळ्यातली कॉलर मात्र माद्यांनाच घालतात. नराची मान डोक्यापेक्षा जाड, घातली तरी निसटते.

अशीच एक कॉलरवाली, 2008 ची, अलास्काच्या उत्तरेच्या ब्यूफोर्ट समुद्रातली. नऊ दिवस सलग पोहली, 687 किलोमीटर. पुन्हा सापडली तेव्हा वजन 22 टक्के घटलेलं, आणि सोबतचं वर्षाचं पिल्लू नव्हतं. हे वाचलं त्या रात्री मला ती काचेची पेटीच आठवत राहिली. जाऊ दे.

रागात लिहायला बसले होते, आता तेवढा राग नाही उरला. त्या सिस्टरची माफी मागायची मात्र राहूनच गेली.

मुलगा यंदा बारावीला आहे. टाचेवर सुयांचे पांढरे ठिपके अजून दिसतात. मघाशी त्याला तो व्हिडिओ दाखवला. त्याने शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, "वजन किती भरलं गं तिचं?"