मोडेमची जादूची ओळ आणि खिडकीखालचा जॉइंट

३० सप्टेंबर २०२५ला एओएल या अमेरिकी कंपनीने फोनच्या तारेवरून इंटरनेट देणारी डायल-अप सेवा बंद केली आणि कॉम्प्युटर त्या तारेला जोडणाऱ्या मोडेमच्या कर्कश किर्रर्र-खर्रर्रच्या आठवणींना ऊत आला. सोबत एक जुना दावाही पुन्हा फिरू लागला: 'कनेक्शन तुटायचं ते चुकीच्या सेटिंगमुळे. मोडेमच्या एक्स्ट्रा सेटिंग्जमध्ये एस१०=२५५ टाका, पोर्टचा वेग ११५२०० ठेवा, मोडेम ५६केचा (सेकंदाला ५६ हजार बिटांचा) घ्या. लाइन तुटणारच नाही.' हे तिन्ही उद्योग मी त्या काळात केलेत.

आधी एस१०, म्हणजे मोडेमच्या सेटिंगमधला एक आकडा. पलीकडच्या मोडेमचा सूर, म्हणजे कॅरिअर, हरवला तर किती वेळ वाट पाहून फोन ठेवायचा, हे तो ठरवतो. एकक सेकंदाचा दहावा भाग. माझ्या मोडेममध्ये तो मुळात १४ होता, म्हणजे १.४ सेकंद. मध्येच कॉल वेटिंगचा टूक वाजला की तेवढ्यावरही कनेक्शन जायचं. तिथे ५० केल्याने फरक पडायचा, हे कबूल. पण २५५ म्हणजे साडेपंचवीस सेकंद नव्हेत. हेज कंपनीच्या आज्ञापद्धतीवर चालणाऱ्या मोडेमला तो आकडा सांगतो, 'कॅरिअर आहेच असं धरून चाल.' लाइन मेली तरी मोडेम फोन धरून बसणार. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चिन्हातले दोन छोटे कॉम्प्युटर कनेक्शन आहे म्हणतात, पान उघडत नाही आणि फोनचा मीटर पळतोय! तुटणं थांबलं नाही, तुटल्याचं कळणं तेवढं थांबलं.

११५२०० हा कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यातल्या केबलचा वेग. टेलिफोनच्या तारेला त्याचा पत्ताही नसतो.

५६केच्या बाबतीत तर सगळं उलटंच. १९९८च्या व्ही.९० या ५६केच्या मानकाचा वेग मिळायचा तो घरापासून एक्स्चेंजपर्यंतची तांब्याची तार स्वच्छ असेल आणि पुढचा मार्ग डिजिटल असेल तरच. खरखरीच्या तारेवर दोन्ही मोडेम पुन्हापुन्हा वेग ठरवत बसायचे आणि शेवटी हात टेकायचे. उपाय होता व्ही.९० बंद करून व्ही.३४ या जुन्या मानकावर, म्हणजे ३३.६ किंवा त्याहून कमी वेगावर, यायचं. ही सेटिंग मात्र खरंच कामाची. पण ५६चा मोडेम आणून २८वर चालवायचा, हे मित्रांना सांगायची सोय नव्हती.

आमच्याकडे जुलैत दर दहा मिनिटांनी लाइन जायची. एकदा रिसीव्हर उचलून एक आकडा दाबला. डायल टोन थांबल्यावर जी शांतता हवी, तिथे भजी तळल्यासारखी चरचर. लाइनमनने त्याच लाइनवरचा दुसरा, पॅरलल फोन काढायला लावला, मग खिडकीखालचा जॉइंट सोडला. टेप ओली, आतली तार हिरवी पडलेली. त्याने दोन इंच तार कापून नवा जॉइंट मारला. त्या संध्याकाळी कनेक्शन दीड तास टिकलं. एस१० तोवर मी परत १४वर आणून ठेवला होता.