पूल, फेरीबोट आणि एका लिटर इंधनाचा चुकीचा हिशेब

गेल्या रविवारी नाशिकच्या पंचवटीत आत्याकडे गेलो असता तिने चष्मा लावून मोबाइलवरचा एक मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. 'एक लिटर इंधनात रस्त्याने 24 टन माल एक किलोमीटर जातो, पाण्यावरून 105 टन; म्हणून फेरीबोट चौपट स्वच्छ. पुलाच्या सिमेंटचे प्रदूषण कधीच भरून निघत नाही. विजेच्या बोटीतून तर काहीच उत्सर्जन होत नाही. तेव्हा गोदावरीवर नवे पूल नकोत, नावा चालवा,' असा त्याचा आशय होता. आत्याने तो भजनी मंडळाच्या गटावरही पाठवला होता, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत दिशाभूल करणारा मुद्दा पहिलाच आहे. ते आकडे जलवाहतुकीच्या सरकारी प्रचारात वापरले जातात हे खरे, परंतु ते मालाने भरलेल्या, संथ चालणाऱ्या बार्जचे, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींचे आहेत. मोटारी वाहणाऱ्या फेरीबोटीला माणसाबरोबर टनभर वजनाचे वाहन आणि त्या वाहनांसाठी लागणारा पोलादी डेक, हे सारे पाणी कापत पुढे न्यावे लागते. शिवाय वेग वाढवला की लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केलेल्या उत्सर्जन गुणांकांनुसार फेरीबोटीत मोटारीसह जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे किलोमीटरला सुमारे 130 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो, तर सरासरी मोटार रस्त्यावर किलोमीटरला सुमारे 170 ग्रॅम सोडते. मोटारीत दोघे असतील तर बोटीवर 260 आणि पुलावर 170, म्हणजे मजकुरातला दावा इथे उलटाच ठरतो. पायी चढणाऱ्या प्रवाशाचा आकडा मात्र जेमतेम 19 ग्रॅम आहे, आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाताना रस्त्याचे सुमारे 110 किलोमीटर वाचत असतील तर मोटारी थेट आत चढवणारी रो-रो बोट उत्सर्जनाच्या हिशेबात मोटारवाल्यालाही परवडते, हे मान्य करायलाच हवे.

सिमेंटविषयीचे म्हणणे अर्धे खरे आहे. चुनखडी भाजताना शंभर किलोतून सुमारे 44 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि भट्टीच्या इंधनाचा धूर त्याहून वेगळा. परंतु 'कधीच भरून निघत नाही' हे कोणत्या हिशेबाने? समजा एका पुलाच्या बांधकामातून 5,000 टन उत्सर्जन झाले, तो शंभर वर्षे टिकला आणि रोज 10,000 वाहने त्यावरून गेली, तर प्रत्येक फेरीच्या वाट्याला जेमतेम 14 ग्रॅम येतात. रोज शंभरच वाहने जात असतील तर हाच आकडा जवळपास 1,400 ग्रॅमवर जातो, आणि तिथे पूल बांधण्यापूर्वी खरोखरच विचार करावा. रहदारी किती, हा एकच प्रश्न त्या मजकुरात कुठेही विचारलेला नाही.

विजेच्या बोटीबद्दल फार लिहीत नाही. नॉर्वेत 2015 पासून धावणारी 'अँपिअर' ही विजेची फेरीबोट मुख्यतः जलविद्युत वापरते. आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाची आहे आणि एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची धुरांडी नाशिककरांना दुरूनही दिसतात.

राहिली गोदावरी. उन्हाळ्यात तिचे पाणी गंगापूर धरणातून सोडलेल्या विसर्गावर अवलंबून असते आणि पावसाळ्यात पूर आला की नदीपात्रातला दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून नाशिककर पुराची पातळी मोजतात, बुडू लागतो. त्या दिवसांत रुग्णाला नदीपलीकडे न्यायचे झाले तर होळकर पुलासारखा पूलच कामी येतो. आत्याला हे लगेच पटले. वरचा हिशेब मी तिला कागदावर लिहून दिला आहे आणि ती तो त्याच गटावर पाठवणार आहे.