मन घट्ट करण्याविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

सुईच्या भीतीवरचा माझा लेख आपण शेवटपर्यंत वाचलात आणि परिसेविका म्हणून केलेल्या प्रदीर्घ नोकरीच्या आधारे त्यावर सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. रुग्ण म्हणजे सरावाची वही नव्हे, हे आपले पहिले वाक्य. रक्त पाहून जिला भोवळ येते तिने मन घट्ट करावे, ते जमत नसेल तर जागा दुसऱ्या मुलीसाठी मोकळी करावी, हे दुसरे. आणि ट्रे पडल्याचा प्रसंग मी गमतीचा म्हणून रंगवला, सबब लेख काढून टाकावा, ही आपली सूचना.

ट्रेबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे. ठाण्यातल्या ज्या प्रयोगशाळेत मी डीएमएलटीचे (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेचे) प्रात्यक्षिक करत होते, तिथे दुसऱ्याच आठवड्यात एका मधुमेही आजोबांचे रक्त काढले जात असताना मी ट्रेसकट खाली कोसळले आणि नंतर त्याच आजोबांनी आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. हे मी कौतुकाने लिहिले. त्या क्षणी सुई त्यांच्या शिरेत होती आणि मी वीतभर डावीकडे पडले असते तर काय झाले असते, हे मात्र लिहिले नाही. ते लिहायला हवे होते. त्याहून लाजिरवाणी गोष्टही मी गाळली होती : शुद्धीवर आल्यावर प्रयोगशाळेतल्या मॅडमनी विचारले तेव्हा मी ‘सकाळी नाश्ता केला नव्हता’ असे सांगितले. वास्तविक घरून पोहे खाऊन निघाले होते.

माझे सगळे म्हणणे त्या पोह्यांपाशीच आहे. मी खोटे बोलले, कारण खरे सांगितले तर ‘मग इथे आलीस कशाला?’ हेच ऐकावे लागेल याची मला खात्री होती. आपल्या प्रतिक्रियेतही नेमके तेच वाक्य आहे. अशा वाक्यांमुळे भीती असलेल्या मुली या क्षेत्रात यायच्या थांबत नाहीत. त्या येतात आणि भीती लपवतात, आणि रुग्णाला खरा धोका त्या लपवण्यात असतो. जिची अडचण वरिष्ठांना ठाऊक आहे, तिला ते रुग्णाजवळ उभेच करणार नाहीत. जिची ठाऊक नाही, तिच्या हाती ट्रे देतील.

आता मन घट्ट करण्याविषयी. कुत्र्याची, उंचीची किंवा लिफ्टची भीती वाटली की छाती धडधडते, रक्तदाब वाढतो, आणि अशा अवस्थेत माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्त आणि सुई यांच्या भीतीत मात्र पुष्कळांच्या बाबतीत उलटे घडते. रक्तदाब आणि नाडीचा वेग आधी वाढतात आणि मग दोन्ही एकदम खाली येतात; मेंदूला रक्त कमी पडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो आणि माणूस कोसळतो. ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिचा सेवाभावाशी किंवा निष्ठेशी संबंध नाही. मूळ लेखात ‘दीर्घ श्वास घ्या, अंग सैल सोडा’ असे मी लिहिले होते. हा सल्ला भोवळ येणाऱ्यांसाठी चुकीचा आहे, कारण रक्तदाब आधीच घसरत असताना अंग सैल सोडून तो सावरत नाही. आपण ही चूक दाखवली नाहीत, परंतु आपल्या प्रतिक्रियेमुळे लेख पुन्हा वाचताना ती मलाच दिसली.

यावर उपाय आहे, आणि त्यात मनाऐवजी स्नायू घट्ट करायचे असतात. लार्स-योरान ऑस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात ही पद्धत मांडली. बसून हात, पाय आणि पोट यांचे स्नायू दहा ते पंधरा सेकंद आवळून धरायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडायचे, वीस-तीस सेकंद थांबायचे आणि असे पाच वेळा करायचे. याने रक्तदाब टिकून राहतो. पुढे याची जोड देत सुईचे चित्र, मग बंद पाकिटातली सुई, मग उघडी सुई, अशा पायऱ्या चढायच्या. मला हे एका मानसोपचारतज्ज्ञांनी शिकवले. त्यांच्याकडे जाण्यावरून घरात थोडी रणधुमाळी झाली. ठाण्यात १९०१ पासूनचे मनोरुग्णालय असल्यामुळे ‘ठाण्याला पाठवा’ या शब्दांना महाराष्ट्रभर एकच अर्थ आहे, आणि आम्ही तर राहतोच ठाण्यात!

या काळात मी रुग्णांवर सराव केला, असा आपला समज झाला आहे, आणि लेखातील माझ्या मोघम भाषेमुळे तो होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मॅडमना खरे सांगितल्यावर त्यांनी मला रक्तसंकलनाच्या खोलीतून काढून नमुन्यांवर लेबले लावणे आणि सेंट्रिफ्यूज (नमुने वेगाने फिरवणारे यंत्र) सांभाळणे या कामावर बसवले. सुई पहिल्यांदा टोचली ती रबरी हातात, आणि त्यानंतर एका वर्गमैत्रिणीच्या दंडाला पट्टा बांधून, मॅडम शेजारी उभ्या असताना. त्यातही एक अडचण लक्षात आली : सुई धरलेल्या माणसाला हात आवळून कसे चालेल? म्हणून मांड्या, पोटऱ्या आणि पोट एवढेच घट्ट करायला मी शिकले आणि हात मोकळे ठेवले. पट्टा मिनिटाहून अधिक बांधलेला राहू नये, स्पिरिट वाळल्याशिवाय टोचू नये, वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण लावू नये, ही व्यवधाने सांभाळता येऊ लागली तेव्हाच मला रुग्णासमोर बसू दिले गेले. आजही कानात सूं आवाज सुरू झाला तर टोचण्याआधीच मी ‘दुसऱ्या कोणाला बोलवते’ असे म्हणून उठते. गेल्या वर्षी असे दोनदा झाले.

जागा दुसऱ्या मुलीसाठी सोडण्याच्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. माझ्या बॅचमध्ये भीती नसलेल्याही काही मुली मधूनच शिक्षण सोडून गेल्या.

लेख मी काढणार नाही. श्वासाचे वाक्य मात्र काढले आहे, ट्रेच्या प्रसंगात सुई आणि पोहे दोन्ही घातले आहेत, आणि रुग्णाजवळ जाण्याआधीच्या पायऱ्या स्पष्ट लिहिल्या आहेत. एक विनंती आहे. आपल्या वॉर्डात एखाद्या नव्या मुलीला पहिल्यांदा भोवळ आली, तेव्हा आपण तिला दुसऱ्या दिवशी कोणते काम दिलेत? ते आपण लिहून पाठवलेत तर आपल्या शब्दांत, काहीही न बदलता, मूळ लेखाखाली जोडीन.

आपली नम्र,
लेखिका