व्ही भागिले आय, पुढे काय?

ओहमचा नियम एवढासा आहे. व्होल्टेजला (व्ही) करंटने (आय) भागलं की रोध (आर) मिळतो, गुणलं की पॉवर. एक भागाकार, एक गुणाकार, आणि तोही कॅल्क्युलेटरवर. तरीसुद्धा घरात हा विषय निघाला की मी हळूच दुसऱ्या खोलीत जायला बघतो. कारण मी इलेक्ट्रिकलवाला आहे आणि घरातल्या प्रत्येकाला शंका आहेत.

पुतणीच्या वहीतलं गणित साधं होतं. पाण्याची किटली २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर करंट घेते, तर रोध आणि पॉवर काढा. तिने चटकन काढलं: २६.४ ओहम आणि २००१ वॅट. सुटलो म्हणून मी उठायला लागलो.

"काका, इथे लिहिलंय, पॉवर म्हणजे आय वर्ग गुणिले आर. मग रोध वाढला की पॉवर वाढणार ना?"

मी नुसतं "हं" म्हणालो. अनुभवी माणूस अशा वेळी "हो" म्हणत नाही.

"आणि खालच्या ओळीत लिहिलंय, व्ही वर्ग भागिले आर. म्हणजे रोध वाढला की पॉवर कमी. नक्की काय?"

"दोन्ही लिहून ये, एकाला तरी मार्क मिळतील," दादा पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

खरं तर प्रश्न सुंदर आहे, आणि उत्तर शोधायला त्याच किटलीकडे जावं लागतं. रोध दुप्पट करा, ५२.८ ओहम. सॉकेटमधलं व्होल्टेज काही आपल्यासाठी बदलत नाही, ते २३० च राहतं, म्हणून करंट निम्मा होतो, ४.३५. त्याचा वर्ग चौथा हिस्सा, त्याला दुप्पट रोधाने गुणलं की उरते निम्मी पॉवर, हजार वॅट. व्ही वर्गवालं सूत्रही हजारच सांगतं. सूत्रं भांडत नाहीत. आर वाढवताना आय तिथेच उभा राहील असं आपण परस्पर ठरवून टाकतो, सगळी गडबड तिथे आहे. हे मी इतकं रंगून सांगितलं की पुतणीने मधेच घड्याळ बघितलं.

मग दादाने पाण्याची टाकी काढली. ती प्रत्येक घरात कोणीतरी काढतंच. व्होल्टेज म्हणजे टाकीची उंची, करंट म्हणजे पाणी, रोध म्हणजे बारीक पाईप. चाललंय तोवर ठीक चालतं. पण पाईप कापला तर पाणी भसाभसा बाहेर येतं आणि वायर कापली तर करंट मुकाट थांबतो. हे सांगितल्यावर दादा म्हणाला, "तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे."

गेऑर्ग ओहमचंही काही वेगळं झालं नाही. शाळेत शिकवणाऱ्या या माणसाने १८२७ मध्ये हा नियम पुस्तकात मांडला, तर त्याच्याच देशातल्या मंडळींनी नाकं मुरडली आणि त्याला नोकरी सोडावी लागली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. त्या मानाने माझ्या घरचे बरेच सौम्य आहेत.

गणितापुरतं थांबलं असतं तर बरं होतं. पण घरात व्होल्टेज, करंट, रोध मोजणारा मल्टिमीटर होता. दादाने ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब होल्डरमधून काढून आणला. हिशेबाने त्याचा रोध २३० चा वर्ग भागिले ६०, म्हणजे सुमारे ८८२ ओहम. मीटरने दाखवले जेमतेम ६५.

"बल्ब गेलाय," दादा.

"अरे, थंड आहे तो! पेटला की आतली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते, तेव्हा रोध दहापटीहून जास्त वाढतो. बटण दाबल्याच्या क्षणी तो खरंच खूप जास्त करंट ओढतो. म्हणून तर असे बल्ब बरेचदा लावतानाच जातात."

"म्हणजे गेलाच ना?"

यावर काय बोलणार? तेवढ्यात त्याने विचारलं, "या बारा व्होल्टच्या बॅटरीत करंट किती आहे?" बॅटरीत करंट भरून ठेवलेला नसतो, तो जोडलेल्या रोधावर ठरतो, हे वाक्य मी अर्ध्यात आणेपर्यंत त्याने मीटर अँपिअरवर लावून दोन्ही टोकं थेट बॅटरीला टेकवली होती. अँमीटर, म्हणजे करंट मोजणारा मीटर, सर्किटच्या रांगेत, एकसरीत जोडायचा असतो. त्याचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य, आणि बाराला जवळजवळ शून्याने भागलं की काय येतं, ते आतल्या फ्यूजने टक् करून सांगितलं.

"मीटर स्वस्तातला दिसतोय," दादा म्हणाला.

पुतणीचा मात्र हुरूप वाढला होता. पंख्याच्या गणितात तिने व्होल्टेज गुणिले करंट केलं, तर उत्तर पंख्यावर छापलेल्या वॅटपेक्षा जास्त आलं. "काका, छापणाऱ्यांचं चुकलं का?"

चुकलं नव्हतं. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या थोडा मागून चालतो, त्यामुळे नुसत्या गुणाकाराने खरे वॅट मिळत नाहीत, आणखी एका आकड्याने गुणावं लागतं. त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. तो समजायला कोसाइन लागतो, आणि कोसाइन समजायला...

"परीक्षेला आहे का?" तिने विचारलं.

"नाही."

तिने वही मिटली. दादा पंख्याचं कव्हर उघडायला स्क्रूड्रायव्हर शोधत होता.