मामा पोप असावा लागतो

पोप व्हायला धर्मशास्त्र किती यावं लागतं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तुम्ही अजून कच्चे आहात. १४५० ते १५५० या शंभर वर्षांतल्या रोममध्ये हा प्रश्न चारचौघांत काढूही नका, लोक हसतील. तिथे विचारतात ते एवढंच, की तुमचा मामा कोण?

पॉल दुसरा हा चौथ्या युजीनचा भाचा, सहावा अलेक्झांडर तिसऱ्या कॅलिक्स्टसचा भाचा आणि पायस तिसरा पायस दुसऱ्याचा भाचा. दुसऱ्या ज्युलियसला मामाऐवजी काकावर भागवावं लागलं, पण तो काका चौथा सिक्स्टस होता, त्यामुळे फारसं अडलं नाही. 'नेपोटिझम', म्हणजे नातलगांची वशिलेबाजी, हा शब्द जगाला मिळाला तो याच भाचे-पुतण्यांमुळे. तेव्हा आधी मामा गाठा. लोकांना मामा बनवायचं पुढे आपोआप जमतं.

मामाने तुम्हाला लाल टोपी घातली, तुम्ही कार्डिनल झालात, म्हणजे पोप निवडणाऱ्यांतले एक. आता तब्येतीकडे लक्ष द्या. ती चांगली असेल तर ताबडतोब बिघडवा. ज्यांना स्वतःला पोप व्हायचंय त्या कार्डिनलांना धडधाकट पोप कधीच नको असतो. तो वीस वर्षं गादी अडवून बसेल. १४५५ मध्ये कॅलिक्स्टस निवडून आला तो वयाच्या सत्त्याहत्तरीच्या आसपास. (त्याच वेळी विद्वान ग्रीक कार्डिनल बेसारिऑन जवळजवळ निवडून आलेला, पण त्याला दाढी होती आणि ती काही फ्रेंच मंडळींना खुपली. विद्वत्ता चालते, दाढी काढून या.) १५०३ च्या सप्टेंबरात गट जुळेनात, तेव्हा सर्वांना पसंत पडला तो संधिवाताने जर्जर झालेला पायस तिसरा. त्याने कोणालाही फार ताटकळवलं नाही, २६ दिवसांत जागा रिकामी केली. १५१३ मध्ये जोव्हान्नी दे मेदिची रोमला आला तोच पालखीत पडून, भगंदराने हैराण. शस्त्रक्रियासुद्धा कॉन्क्लेव्हच्या, म्हणजे पोप निवडायच्या बंद बैठकीच्या, आत झाली. वय फक्त ३७, पण बिचारा फार दिवसांचा सोबती दिसत नाही, हे पाहून वडीलधाऱ्यांना पाझर फुटला. तो दहावा लिओ झाला आणि जवळजवळ पावणेनऊ वर्षं जगला. निवडून आला तेव्हा तो साधा पाद्रीही नव्हता. १५ मार्चला पाद्री, १७ ला बिशप, १९ ला राज्याभिषेक. मनात आलं की कागदपत्रं किती भराभर होतात पाहा!

आता प्रत्यक्ष निवडणूक. दोन-तृतीयांश मतं लागतात आणि सगळ्यांना आत कोंडून घालतात. १२७४ च्या नियमाप्रमाणे तीन दिवसांत निकाल नाही लागला तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवसांनी नुसती भाकरी, पाणी आणि वाइन. नियम चांगला आहे. नियम सगळेच चांगले असतात.

आत गेल्यावर चॅपलमध्ये बसून प्रार्थना करत राहिलात तर तुम्ही संत व्हाल, पोप नाही. खरं काम शौचकूपात चालतं. ही माझी वात्रट कल्पना नाही, खुद्द एका पोपने लिहून ठेवलंय. १४५८ मध्ये फ्रान्सचा श्रीमंत कार्डिनल देस्तुतव्हील आणि त्याचे साथीदार तिथेच जमले, तिथेच वचनं दिली, तिथेच लेखी शपथा झाल्या. जागा एकांताची, आणि कोणी विचारलंच तर कारण तयार. हे सगळं आपल्या आठवणींत टिपणारा सिएनाचा एनिया सिल्विओ पिकोलोमिनी त्या निवडणुकीतला दुसरा उमेदवार होता. असा पोप निवडायला हीच जागा शोभते, असा शेराही त्याने मारलाय. आठवणी लिहिताना त्याने स्वतःला तृतीयपुरुषी ठेवलं, म्हणजे आपलंच कौतुक करताना जीभ अडखळत नाही. हेही शिकून घ्या.

देस्तुतव्हीलचा प्रचार साधा होता: पिकोलोमिनी गरीब आहे, संधिवाताने लंगडतो आणि कविता करतो, असा माणूस चर्चला काय सावरणार? (तरुणपणी त्याने एक रंगेल प्रेमकथाही लिहिली होती, आणि ती युरोपभर वाचली जात होती.) पिकोलोमिनीने भाषण वगैरे केलं नाही. तो गेला २७ वर्षांच्या रॉड्रिगो बोर्जियाकडे. रॉड्रिगो तेव्हा उपकुलपती होता, म्हणजे पोपच्या दरबारातलं सर्वांत दुभतं खातं त्याच्याकडे, आणि देस्तुतव्हीलने ते त्याच्याकडेच ठेवायचं लेखी दिलेलं. पिकोलोमिनीने विचारलं: अरे, तेच पद त्याने आव्हिन्यॉंच्या कार्डिनललाही कबूल केलंय. फ्रेंच माणूस फ्रेंचाचा शब्द पाळेल की तुझा, स्पेनकडच्या कातालानाचा?

झालं. मतं मोजली तेव्हा पिकोलोमिनीला ९, देस्तुतव्हीलला ६. हवी होती १२. मग मत बदलून दुसऱ्याच्या पारड्यात टाकायची वेळ आली, त्याला 'अ‍ॅक्सेसस' म्हणतात. सगळे गप्प. कोणी कोणाकडे बघेना. रॉड्रिगो उठला आणि म्हणाला, मी सिएनाच्या बाजूने. दहा! हे पाहताच दोघा कार्डिनलांना एकदम नैसर्गिक विधीची घाई झाली आणि ते बाहेर पडले, म्हणजे बैठकच मोडावी. मागून कोणी आलं नाही, तेव्हा दोघे तसेच परतले. त्यानंतर अकरावं मत पडलं. मग कार्डिनल कोलोन्ना उठला. त्याला बोलू द्यायचं नाही म्हणून एका बाजूने बेसारिऑन आणि दुसऱ्या बाजूने देस्तुतव्हील त्याला धरून ओढू लागले. ओढाओढीतच तो ओरडला, मीही सिएनाच्या बाजूने आणि हा घ्या तुमचा पोप! बारा. लगेच सगळे पायावर पडले, निवड एकमताची ठरली आणि पिकोलोमिनी पायस दुसरा झाला. पवित्र आत्म्याचं कार्य अशा रीतीने सिद्धीस जातं. रॉड्रिगोचं खातं अर्थातच शाबूत राहिलं.

आश्वासनांचं म्हणाल तर हात आखडू नका. १४६४ मध्ये कार्डिनलांनी मिळून करारनामा केला: तीन वर्षांत धर्मपरिषद भरवायची, कार्डिनल २४ च्या वर नेमायचे नाहीत, नात्यातला तर एकच. पिएत्रो बार्बोने सही केली, पॉल दुसरा झाला, करार गुंडाळून ठेवला आणि कार्डिनलांना नव्या धाटणीच्या लाल टोप्या घालायची परवानगी दिली. रुसवा गेला. १४८४ मध्ये कार्डिनल चिबो निवडीच्या आदल्या रात्री आपल्या खोलीत बसून कार्डिनलांच्या अर्जांवर सह्या करत होता. सकाळी पोप झाला आणि त्याने नाव घेतलं इनोसंट, म्हणजे निष्पाप. पोटची पोरं होती, ती वेगळी.

फक्त एक पथ्य पाळा. शब्द दिलाय त्या माणसाला पुन्हा उभं राहू देऊ नका. १५०३ च्या ऑक्टोबरअखेर ज्युलियस दुसऱ्याने सहाव्या अलेक्झांडरच्या मुलाला, चेझारे बोर्जियाला, सेनापतीपद कबूल करून त्याच्या हातातली स्पॅनिश मतं घेतली आणि कॉन्क्लेव्ह भरताच काही तासांत निवडून आला. पुढे चेझारेला नजरकैदेत ठेवून त्याचे किल्ले मागून घेतले. फ्लॉरेन्सचा दूत म्हणून तेव्हा रोममध्ये असलेला, पुढे 'द प्रिन्स' लिहिणारा माकियाव्हेली हे बारकाईने बघत होता. आणि मग ज्युलियसनेच फतवा काढला की पैसे चारून झालेली पोपची निवड रद्द समजावी. वर पोचल्यावर शिडी ओढून घ्यायची असते.

सज्जनपणा मात्र करू नका. १५४९ च्या डिसेंबरात इंग्लंडचा कार्डिनल रेजिनाल्ड पोल सर्वांत पुढे होता, रोमच्या पेढ्यांवर त्याच्यावर पैज लावून फायदाच उरत नव्हता. (पेढीवाल्यांना आतली खबर कशी लागते? कार्डिनलांचे नोकरच पैजेत भागीदार.) एका रात्री काही जण त्याच्या दारी आले: चल, आत्ताच तुला पोप म्हणून वंदन करतो. तो म्हणाला, रात्री चोरासारखं नको, सकाळी रीतसर करू. सकाळी एखाद-दुसरं मत कमी पडलं. कॉन्क्लेव्ह पुढे फेब्रुवारीपर्यंत लांबलं आणि पोप दुसराच झाला.

शेवटची सूचना घरासंबंधी. पोपला आता कशाची ददात, या न्यायाने निवडून आलेल्या कार्डिनलचा वाडा रोमची जनता लुटते. पिकोलोमिनीच्या खोलीतली चांदी आणि पुस्तकं तर आतल्या नोकरांनीच पळवली. बाहेर गर्दीत 'सिएना'चं कोणी 'जेनोआ' ऐकलं, आणि जेनोआच्या कार्डिनलचं सामान विनाकारण गेलं. म्हणून १४९२ मधला आपला जुना ओळखीचा रॉड्रिगो पाहा. निवडीआधी त्याच्या वाड्यातून चार खेचरं चांदी लादून कार्डिनल आस्कानिओ स्फोर्झाच्या घरी गेली, असं रोममध्ये बोललं जाई. आस्कानिओच्या मतांनी तो सहावा अलेक्झांडर झाला आणि उपकुलपतीपद आस्कानिओला मिळालं. लोक उगाच लाच लाच म्हणतात. अहो, घर लुटलं जाणार हे माहीत असताना शहाण्या माणसाने चांदी मित्राकडे ठेवायला नको का?