चिखल बघायला या

बागेचे फोटो बघा. वसंत दिसेल, उन्हाळा दिसेल, दवबिंदूसकट गुलाब दिसेल. शरद ऋतू दिसलाच तर झाडावरच्या लाल-पिवळ्या पानांपुरता. त्याच पानांखाली चिखलात उकिडवं बसून, नखांत माती घेऊन काहीतरी उकरत असलेल्या माझ्यासारख्या बाईचा फोटो कुणी काढत नाही. कारण बहुवर्षायू, म्हणजे एकदा लावली की वर्षानुवर्षं जगणारी, फुलझाडं लावण्याचा आणि एका जागेवरून दुसरीकडे हलवण्याचा हा मोसमच असा, की फुलांसाठी राबायचं पण फूल कुठंच नसतं. वाळकी देठं असतात, काळवंडलेली पानं असतात आणि दिवसभर कंबर मोडून काम केल्यावर जे तयार होतं त्याला साध्या भाषेत चिखल म्हणतात. वसंतात फुललेलं रोप खड्ड्यात ठेवणाऱ्याला लोक विचारतात, "वा, हे कोणतं फूल?" शरदात विचारतात, "काही हरवलंय का?"

पंचाईत अशी की शास्त्र शरदाच्याच बाजूनं आहे. हिवाळ्यात जमीन गोठते अशा आमच्यासारख्या मुलखात शरदात हवा गार होते, पण माती उन्हाळ्याची ऊब बरेच दिवस धरून ठेवते. वर पानं-फुलं पोसायचा व्याप संपलेला असतो, त्यामुळे झाड सगळं लक्ष मुळांकडे वळवतं. माती साधारण ५ अंश सेल्सिअसच्या वर असेपर्यंत खाली मुळं गुपचूप पसरत राहतात. म्हणून जमीन गोठायच्या साधारण सहा आठवडे आधी लागवड उरकावी असं सांगतात. सल्ला उत्तम आहे. फक्त ते सहा आठवडे नेमके कुठून मोजायचे हे जमीन गोठल्यावरच कळतं.

दुसरा नियम त्याहून खोडसाळ. जे वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलतं ते शरदात हलवायचं आणि जे शरदात फुलतं ते वसंतात. म्हणजे त्या क्षणी बागेत जे एकमेव देखणं असतं, ॲस्टर म्हणा, शेवंती म्हणा, त्यांना हात लावायचा नाही. आणि मेल्यागत पडलेलं जे काही असेल त्याच्या मागे लागायचं. ऐन बहरातली शेवंती कुंडीतून आणून शरदातच जमिनीत लावायचा मोह सगळ्यांना होतो. ती बिचारी सगळी ताकद फुलांवर उधळून बसलेली असते, मुळं धरायला वेळ मिळत नाही आणि कडक हिवाळ्यात बहुतेक वेळा जातेच.

आता जे हलवायचं ते ओळखणार कसं? हलवायचा निर्णय झालेला असतो जूनमध्ये. तेव्हा सगळं स्पष्ट असतं: फ्लॉक्स उंच झालाय, त्याच्यामागची आयरिस दिसतच नाही, तिला पुढं आणायची. ऑक्टोबरात दोघंही एकाच तपकिरी रंगाचे. नावाच्या पाट्या लावल्या होत्या म्हणाल, तर शाई उन्हानं कधीच उडालेली असते. पेन्सिलीनं लिहिलेलं टिकतं, हे अगदी खरं आहे. पण बागेत पेन्सिल टिकत नाही.

माझ्या मते खरी कसोटी होस्टाच्या, म्हणजे रुंद पानांसाठी लावतात त्या झाडाच्या, गड्ड्याची. पाच-सहा वर्षं एका जागी सुखानं नांदलेला होस्टा खणून काढणं म्हणजे एकत्र कुटुंबाची वाटणी करणं. बाहेरून सगळे हिरवेगार, गुण्यागोविंदानं राहतायत असं वाटतं. आत हात घातला की कळतं, कोण कुणात किती गुंतलंय. भोवती फावडं मारत गोल फिरायचं, मग खालून टेकू द्यायचा, मग त्याच्यावर उभं राहायचं. गड्डा ढिम्म. अचानक 'खर्रर्र' असा आवाज येतो आणि आपण पाठीवर. तो आवाज मुळं सुटल्याचा होता की कमरेचा, हे दुसऱ्या दिवशी सकाळी ठरतं. गड्डा बाहेर आला की दोन दातेरी फावडी पाठीला पाठ लावून मध्ये खुपसायची आणि एकमेकांपासून दूर ढकलायची. पांढरी, सुतळीएवढी जाड मुळं कटाकट तुटतात, ओल्या मातीचा वास उठतो, आणि एक संतापलेलं गांडूळ बाहेर येऊन 'हे काय चाललंय' अशा चेहऱ्यानं बघतं. गांडुळाला चेहरा नसतो हे मला माहीत आहे. तरी बघतं.

प्रत्येक वाट्याला तीन-चार तरी फुटवे आले पाहिजेत, नाहीतर तो वाटा रुसून बसतो. जुन्या गड्ड्यांच्या मधोमध बऱ्याचदा नुसतं लाकूड उरलेलं असतं. ते बिनदिक्कत फेकावं. कर्त्या पुरुषाला घराबाहेर काढायचं धैर्य इतरत्र कुठं मिळणार?

मग येते खोलीची भानगड. बागकामाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, 'योग्य खोलीवर लावावे'. आणि प्रत्येक झाडाची योग्य खोली म्हणजे दुसऱ्या झाडाचा मृत्युयोग. ट्यूलिपचा कंद १५ ते २० सेंटिमीटर खाली हवा. दाढीवाल्या आयरिसचा कंद मात्र पाठ उघडी टाकून उन्हात पडलेला पाहिजे; मातीत पुरा गाडलात तर कुजतो. आणि पिओनी! तिच्या मुळांवर गुलाबी डोळे असतात, खरेखुरे कोंब फुटणारे डोळे, आणि ते मातीखाली तीन ते पाच सेंटिमीटरच असावे लागतात.

पट्टी धरायला मी नवऱ्याला बोलावलं होतं.

"किती खोल?"

"पाचच्या आत."

"आणि सहा झालं तर?"

"पानं येतील. फूल नाही येणार."

"मग कळणार कधी?"

"दोन-तीन वर्षांनी. हलवल्यावर ती तेवढे दिवस तशीही रुसतेच."

"म्हणजे न फुलणं हे बरोबर लावल्याचंही लक्षण आणि चुकीचं लावल्याचंही?"

मी म्हटलं, पट्टी सरळ धर.

माळ्यांमध्ये एक म्हण आहे: बहुवर्षायू झाड पहिल्या वर्षी निजतं, दुसऱ्या वर्षी रांगतं, तिसऱ्या वर्षी उड्या मारतं. ही म्हण कुण्या हुशार माळ्यानं स्वतःला तीन वर्षांची सूट मिळावी म्हणून रचली असणार, असा मला दाट संशय आहे. सूट न मागणारंही एक झाड आहे म्हणा. ओरिएंटल पॉपी. तिचं सोटमूळ खोल जातं, हलवताना हमखास तुटतं. नव्या जागी ती येईल न येईल, पण जुन्या जागी राहिलेल्या प्रत्येक तुकड्यातून ती परत येते. तिला हलवता येत नाही, फक्त वाढवता येतं.

शेजारचे काका हे सगळं कुंपणापलीकडून बघत असतात. गुडघाभर खड्डे, बाजूला पाण्याची बादली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी, हे दृश्य बाहेरून कसं दिसतं याची मला कल्पना आहे. "वहिनी, साहेब दिसले नाहीत दोन दिवसांत," असं एकदा त्यांनी सहज म्हणून विचारलं. मी नवऱ्याला लगेच खिडकीत उभं केलं.

कुंपणावरून होणारं हे डोकावणं बंद करण्याचा उपाय मात्र वाटणीतूनच निघाला. एका होस्टाचे सहा झाले, डेलिलीचे किती झाले ते मोजायचं सोडून दिलं, आणि जागा होती तेवढीच राहिली. उरलेली बाळं फेकवत नाहीत. पहिला गड्डा काकांनी हसत घेतला. दुसरा 'अगं कशाला' म्हणत घेतला. हल्ली माझ्या हातात ओलं वर्तमानपत्र दिसलं की त्यांच्या घरातले दिवे जातात.

लावून झालं की पाणी. गार हवेत माणसाला तहान लागत नाही म्हणून झाडालाही लागत नसेल असं वाटतं. पण नव्या मुळांना ओल लागतेच. त्यामुळे स्वेटर घालून, कानटोपी ओढून, नळीनं चिखलावर पाणी घालायचं. येणारे-जाणारे थांबून बघतात. काय उगवणार असं विचारतही नाहीत.

आणि शेवटी आच्छादन. आधी, ऑक्टोबरात, वाफ्यातली सगळी पानं दाताळ्यानं ओढून कोपऱ्यात नेलेली असतात. पिओनीची डागाळलेली पानं तर वेगळी उचलून टाकावीच लागतात, नाहीतर बुरशी तिथंच हिवाळा काढते. मग जमीन गोठायची वाट बघायची. गोठली की त्यावर पानांची रजई घालायची. ऊब मिळावी म्हणून नव्हे, तर थंडी टिकावी म्हणून. कारण जमीन गोठली, वितळली, पुन्हा गोठली, की नवं रोप मुळासकट वर ढकललं जातं. तेव्हा गोठलीच आहेस बाई तर आता गोठलेलीच राहा, असा त्या रजईचा अर्थ.

बोटं बधिर होत असताना मी कोपऱ्यातली पानं घमेल्यात भरून वाफ्यावर पसरत होते. नवरा दारात कपभर गरम चहा घेऊन उभा.

"ही पानं तू इथूनच उचलली होतीस ना?"

"हो."

"आणि आता इथंच टाकतेयस."

"हो."

त्यानं चहाचा एक घोट घेतला. "आणि वसंतात?"

"परत उचलायची."

त्यानं कप खाली ठेवला, दाताळं घेतलं आणि म्हणाला, "मग ती पिओनी जरा डावीकडं घेतली असती तर बरं झालं असतं, नाही?"