गोलाईतला एक फोटो

सोबतचा फोटो मोबाइलवर काढलेला आहे. लातूरची गंजगोलाई ही बाजारपेठ, येळवशीच्या (म्हणजे वेळ अमावस्येच्या, शेतात साजऱ्या होणाऱ्या सणाच्या) आदल्या दिवशीची सकाळ, आठ-साडेआठची वेळ. तीन दिवस झाले, मी तो रोज उघडून बघतोय. पोरांना चित्रकला शिकवतो, त्यामुळे बघायची सवय आहे. पण कितीही बघितलं तरी हा फोटो संपत नाहीये. म्हणून चित्रावर लिहावं तसं आज त्याच्यावर लिहितो.

आधी जागा. बाजाराचे बहुतेक फोटो सरळ गल्लीत काढलेले असतात. दोन्हीकडे दुकानं, मधून रस्ता, नजर सुळकन आत जाते आणि संपते. गोलाईत तसं होत नाही. १९१७ साली फैयाजुद्दीन यांनी आखलेला हा गोल, मधोमध जगदंबेचं देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे १६ रस्ते. त्यामुळे फोटोत मागची दुकानं वळत जातात. डावीकडच्या शटरवरून निघालेली नजर त्या वळणाबरोबर उजवीकडे सरकते आणि फिरून पुन्हा खाली, भाजीच्या ढिगावर येते.

हा ढीग म्हणजे चित्राचा जीव. फोटोचा खालचा अर्धा भाग त्यानेच व्यापलाय. हिरवा म्हणून एकच रंग मनात येतो ना आपल्या? इथे मोजा. मेथीचा गडद हिरवा, हरभऱ्याच्या ढाळ्यांचा धुळकट हिरवा, पातीच्या कांद्याचा निळसर, तुरीच्या शेंगांवरच्या जांभळ्या रेघा, वालाच्या शेंगांचा फिका. त्यात एका बाजूला गाजरं, पूर्ण चित्रात लाल तेवढाच. कुणी मुद्दाम मांडलेलं नाही हे. उद्या घरोघरी भज्जी शिजणार, तिला जे जे लागतं ते एका पोत्यावर आलंय. ज्यांनी येळवस केलीय त्यांना हा ढीग बघून बेसनात शिजलेल्या भाज्यांचा वास येईल, बाजूला ताक-ज्वारीची अंबील दिसेल, शेतातली कडब्याची कोप, म्हणजे खोपी दिसेल. बाहेरच्या माणसाला फक्त रंग दिसतील. दोन्ही बघणं खरंच आहे, पण पहिलं जास्त खोल आहे असं मला वाटतं.

उजव्या कडेने एक हात आत आलाय, घडी घातलेली नोट धरून. माणूस चौकटीबाहेर राहिलाय. भाजीवाल्या मावशीचा हात पेंढी घेऊन निघालाय. दोन हातांमध्ये वीतभर मोकळी जागा, आणि सकाळचं तिरपं ऊन नेमकं तिथे पडलंय. मागे एक गडी खांद्यावर बिंदगं, म्हणजे अंबिलीचं मडकं घेऊन चाललाय, पुसट. वरचं आकाश मात्र पांढरंफटक गेलंय, तो या फोटोचा दोष आहे.

आणि भाजीखालची निळी ताडपत्री. पहिल्यांदा ती डोळ्यांना खुपली. मग अजिंठा आठवला. तिथले गेरू, पिवळी माती, चुना, काजळी हे रंग जवळपासचे. निळा तेवढा परमुलखातून व्यापाऱ्यांबरोबर आलेला. त्याच अजिंठ्यात १७ नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या एका कथेत, बाजार रंगवलाय. राजपुत्राचा रथ बाजारातून निघालाय आणि कडेला दुकानं मांडलेली आहेत. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराला दुकानदार भिंतीवर घ्यावासा वाटला. आपण तिकीट काढून, मान वर करून, अंधारात डोळे ताणून तो बघतो. गोलाईतून मात्र पिशवी सांभाळत खाली मान घालून जातो.

माझं खरं दुखणं वेगळं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा देशभरातले कॅमेरे इथे आले. घागरींच्या रांगा, टँकर, भेगाळलेली जमीन. ते फोटो खोटे नव्हते, ती तहान आम्ही भोगलीय. पण त्यानंतर मराठवाडा म्हटलं की तीच भेग दाखवायची, हे अर्धं चित्र झालं. हा हिरवा ढीगही इथल्याच काळ्या रानातला आहे. तोही कुणीतरी बघायला पाहिजे, आणि मोठ्या चित्राकडे बघतो तितका वेळ देऊन बघायला पाहिजे.

आमची मुलंही तो बघत नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटतं. एलिमेंटरी या शाळकरी चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात 'भाजी मंडई' हा नेहमीचा विषय. मुलं एक छत्री काढतात, तिच्याखाली एक बाई, चार टोपल्या, हातात तराजू. गोलाईपासून दहा मिनिटांवर राहणारा मुलगाही पाठ केलेलं तेच चित्र काढतो. त्यात ढाळे नसतात, वळत जाणारी दुकानं नसतात, ताडपत्री तर नाहीच. स्मरणचित्र म्हणतो आपण त्याला, आणि त्यात स्वतःची आठवण एकही नसते. या वर्षी मी वर्ग घेऊन सकाळी गोलाईत बसणार आहे. कागद पेन्सिल नको, पहिले दोन दिवस नुसतं बघायचं.

फोटो काढायच्या आधी मी विचारलं होतं, "मावशी, एक फोटो घेऊ का?"

"घे की. माजं काय बघायचंय, भाजी दिसू दे नीट." असं म्हणून तिने ढिगावर पाणी शिंपडलं, गाजरं पुढे ओढली. म्हणजे रचना निम्मी तिचीच आहे.

काढून झाल्यावर मोबाइल तिच्यापुढे धरला. स्वतःच्या चेहऱ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बोट काचेवर ढिगाच्या कडेकडेने फिरवलं आणि म्हणाली, "ह्याच्यात चुका कुठं दिसायलाय?"

चुका, ती आंबट पालेभाजी, खालच्या कोपऱ्यात होता. माझ्या चौकटीत त्याची दोनच पानं आलीत.